संध्याकाळी दुर्बिणीत दुधाळ दिसतं? परत देण्याआधी हे करून बघा

नवी ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, समोरचं भिंग ४२ मिलिमीटरचं) दुर्बीण सकाळी ऐरोलीला खाडीकाठी पक्षी बघताना झकास चालली, पण संध्याकाळी सीवूड्सच्या टी. एस. चाणक्य पाणथळीवर तिच्यातून सगळं ताकासारखं पांढुरकं दिसलं, शिवाय खालच्या कडेला उजळ चंद्रकोर. दुकानात परत द्यावी का, असं तुम्ही विचारलंय. एवढ्यात नको.

आधी दिशा बघा. नवी मुंबईच्या काठावरून खाडी पश्चिमेला पडते. सकाळी ऊन पाठीवर असतं, संध्याकाळी थेट तोंडावर. (पलीकडे भांडुपला उभे राहणाऱ्यांचं नेमकं उलट.) पाण्यावरची चकाकी नुसत्या डोळ्यांनाही दिसते, तिचा दोष दुर्बिणीला लावू नका. चंद्रकोर आणि दुधाळपणा मात्र आतले आहेत. समोरच्या भिंगातून तिरका शिरलेला उजेड नळीच्या आतल्या भिंतीवर, भिंगाच्या कड्यावर किंवा प्रिझमच्या कडेवर आपटतो आणि चित्रात मिसळतो. चांगल्या दुर्बिणीत या जागा काळ्या, खरखरीत केलेल्या असतात, आत उजेड अडवणारी कडी बसवलेली असतात. किंमत वाचवायची झाली की कात्री बहुतेक वेळा इथेच लागते. भिंगावरच्या हिरव्या-जांभळ्या लेपाची जाहिरात होते, आतल्या काळ्या रंगाची कोण करणार!

आता तपासणी. उजळ आकाशाकडे दुर्बीण धरा, सूर्याच्या आसपास चुकूनही नको. हातभर लांबून डोळ्याकडच्या भिंगात बघा. मध्ये उजेडाचा गोल ठिपका दिसेल. ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा. त्याच्या भोवती काळोख हवा. ठिपक्याला चिकटून चकचकीत कोर दिसली तर तीच तुमची चंद्रकोर.

भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरची असते, ठिपक्याच्या आत आरामात मावते, आणि कोर बाहेर राहते. संध्याकाळी बाहुली मोठी होते, आणि डोळा जरा वर-खाली सरकला की कोर आत येते. म्हणून आधी डोळ्याकडच्या भिंगाभोवतीचे रबरी कप एकेक टप्पा वर-खाली करून बघा आणि दोन नळ्यांमधलं अंतर नीट जुळवा. नव्या लोकांच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असा माझा अनुभव. एवढं करूनही, सूर्य बाजूला बराच दूर असताना कोर हटत नसेल, तर मुदतीत बदलून घ्या. एकाच नळीत दिसत असेल तर अजिबात ऐकून घेऊ नका.

तोवर उपाय साधे आहेत. समोरच्या भिंगांवर काळ्या कार्डपेपरची चार बोटं लांब नळी बसवा. माझी मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमधून उरलेल्या कागदाची आहे, दिसते भिकार, काम चोख करते. झाडाच्या सावलीत उभं राहा. सकाळी उलटी अडचण येते: कानामागून येणारं ऊन डोळ्याकडच्या भिंगावर पडतं, तेव्हा तळव्यांनी आडोसा करा.

एक जुनी चूक सांगतो. माझी पहिली दुर्बीण जुन्या बाजारातली होती. वर्षभर मी तिच्या लेपाला शिव्या घातल्या आणि शेवटी आत टॉर्च मारला तर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात दुर्बीण चामड्याच्या पेटीत ठेवली की हे व्हायचंच. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

आणि जमलं तर वेळच बदला. भरतीला चिखल बुडाला की रोहित (फ्लेमिंगो) खाडीतून चाणक्यसारख्या पाणथळीवर येतात, तेव्हा सकाळची भरती गाठायची. कोळ्यांचा हिशेब लक्षात ठेवा: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ, खाडीत आत थोडी उशिराच. त्या उजेडात लहान रोहिताची (ही वेगळी जात, पिल्लू नव्हे) गडद लाल चोच आणि मोठ्या रोहिताची काळ्या टोकाची गुलाबी चोच वेगवेगळी ओळखता येते का बघा आणि इथे कळवा. संध्याकाळी उन्हाविरुद्ध दोन्ही काळ्याच दिसतात, माझ्या महागड्या दुर्बिणीतूनसुद्धा.