क्लिप पुढे पाठवण्याआधी

हाय गं,

आपल्या कम्युनिटी रेडिओवरच्या कार्यक्रमातली कोळीवाड्यातल्या मावशींची क्लिप ऐकली, दोनदा ऐकली. आवाज मस्त पकडलायस. इन्स्टावर टाकू का, कॉलेजच्या ग्रुपवर फिरवू का विचारलंस. टाक, पण आधी माझं जरा ऐक.

कम्युनिटी रेडिओ म्हणजे आसपासच्या लोकांसाठीचं छोटं एफएम स्टेशन, त्याला परवानगीच मुळात 100 वॅटची असते, म्हणजे फार तर दहा-बारा किलोमीटर, आणि मुंबईत एवढे टॉवर मध्ये येतात की त्याहून कमीच. मावशी माईकसमोर बसल्या तेव्हा त्यांच्या डोक्यात तेवढाच परिसर होता, शेजारपाजारच्या, मार्केटमधल्या बायका, गिऱ्हाईकं. त्यांचा होकार तेवढ्यांसाठी होता. रील झाली की कोण कुठला माणूस ऐकणार आणि खाली वाट्टेल ते लिहिणार. म्हणून परत फोन कर आणि सरळ विचार, 'मावशी, हे मोबाईलवर सगळीकडे जाईल, टाकू ना?' नको म्हणाल्या तर विषय संपला.

दुसरं म्हणजे तू कापलंयस कुठे ते बघ. अख्ख्या कार्यक्रमातले चाळीस सेकंद घेतलेस आणि त्यात मावशी नुसत्या बर्फाच्या भावावरून भडकल्यात. भडकलेला तुकडा जास्त फिरतो, मान्य. पण त्याच्या जस्ट आधी त्या सांगतात की जून-जुलै मासेमारी बंद, तेव्हा सुक्या बोंबलावर घर चालतं आणि आता बांबूंवर बोंबील सुकवायला जागाच उरली नाही. खरी गोष्ट ती आहे गं! ती गेली की मावशी लोकांना नुसत्या भांडखोर वाटणार. एक मिनिट वाढव, काही बिघडत नाही.

आणि ते नॉइज रिडक्शन काढ. मूळ फाईलमध्ये मध्येच कोणीतरी विचारतं 'वाटा केवढ्याला', मावशी बोलता बोलता 'दोनशे' म्हणतात आणि लगेच परत विषयावर येतात, मला तर पूर्ण रेकॉर्डिंगमध्ये तीच जागा सगळ्यात आवडली आणि तू तीच साफ करून टाकलीस.

स्टेशनचं नाव, कार्यक्रम, तारीख हे कॅप्शनमध्ये नको, तुझ्या आवाजात क्लिपच्या सुरुवातीलाच बोल, कारण फॉरवर्ड होताना कॅप्शन गळतं. तारीख तर पाहिजेच. जुनी पाणीकपातीची क्लिप सहा महिन्यांनी परत फिरली की अख्खी बिल्डिंग बादल्या भरून ठेवते. आणि वर 'ब्रेकिंग न्यूज' असलं काही चिकटवू नको, कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, आकाशवाणीचं बातमीपत्र तेवढं लावता येतं. तुझ्या एका पट्टीपायी स्टेशनच्या लायसन्सला त्रास नको. 2006 पर्यंत स्वयंसेवी संस्थांना हे लायसन्स मिळतच नव्हतं, फक्त शिक्षणसंस्थांना मिळायचं, त्यामुळे ते जपायचं.

हे सगळं वाचून घाबरू नको हां, शेअर करायलाच पाहिजे. एफएमला इअरफोनची वायर अँटेना म्हणून लागते आणि नव्या फोनला जॅकच नसतो, त्यामुळे कोळीवाड्यातल्याच पोरांपर्यंत स्टेशन पोचत नाही. त्यांच्यासाठी तुझी क्लिप हाच रेडिओ. तेव्हा इन्स्टाच्या आधी वाड्यातल्या ग्रुपवर टाक.

आणि एक कर, पूर्ण कार्यक्रम दुसऱ्या स्टेशनांनाही पाठव, अर्थात आपल्या स्टेशनला आणि मावशींना विचारून. निम्मा मजकूर स्थानिक असला पाहिजे असा नियम आहे, म्हणजे उरलेल्यात बाहेरचं चालतं. साताऱ्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग हे असंच स्टेशन आहे, दुष्काळी भाग, पण पावसाळ्याचे दोन महिने सुक्यावर काढायचं मावशींचं गणित तिथल्या बायकांना बरोबर कळेल.

मूळ फाईल मात्र डिलीट करू नको. स्टेशन रेकॉर्डिंग तीन महिने ठेवतं, पुढचं कोणी सांगावं, त्यामुळे नाव-तारीख घालून पेन ड्राइव्हवर ठेव आणि एक कॉपी मावशींच्या घरी दे. त्या काय म्हणाल्या ते कळव, मग नवीन कट मला पाठव.

तुझी ताई