कुस्ती-कबड्डीच्या पोरांसाठी गुडघ्याच्या व्यायामाचं ॲप करायचंय, सुरुवात कुठून करू?

स्क्रीन आखण्याआधी कुंडल-पलूसकडच्या एखाद्या तालमीत जाऊन बसा. एसीएलचं (गुडघ्यातल्या मुख्य लिगामेंटचं) ऑपरेशन झालेल्या पैलवानाला रोज सांगलीला फिजिओकडे येणं परवडत नाही, एसटीतच अर्धा दिवस जातो. म्हणजे खरं काम घरी, सतरंजीवर. तिथं रेंजचा भरवसा नाही, तेव्हा व्हिडिओ फोनमध्येच साठवलेले हवेत. आवाजही आपल्या बोलीतला: 'टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, मांडी आवळा, गुडघा खाली दाबा.'

रोज प्रश्न दोनच. दुखणं 0 ते 10 मध्ये किती? कालपेक्षा सूज वाढली का? वाढली तर पुढचा व्यायाम न दाखवता फिजिओला कळवायचं. पोटरी सुजून दुखायला लागली तर थेट डॉक्टरांना फोन.

खरी गोची आखाड्यात परतण्याची. तीन-चार महिन्यांत पोराला बरं वाटतं आणि जत्रेचं मैदान खुणावतं. पण 9 महिन्यांआधी उतरलं की पुन्हा दुखापतीचा धोका बराच वाढतो. म्हणून ॲपमध्ये नुसती तारीख नको, चाचण्या हव्यात: दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के झाली का, वगैरे. हे पोराच्या परवानगीनं वस्तादांनाही दिसू द्या, कारण तो ऐकतो त्यांचंच! बॅज-पॉइंटच्या भानगडीत मात्र पडू नका.