सोयाबीनच्या रानात पुन्हा हरभराच?

प्रश्न : पाच एकर काळं रान आहे. चार वर्षं खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा घेतोय. गेल्या साली हरभरा महिन्याचा होताच जागोजागी झाडं वाळली. यंदा वाण बदलून पेरावा का? (एक शेतकरी, ता. औसा)

उत्तर : वाण बदलाच, पण तेवढ्यानं भागणार नाही. वाळलेलं झाड उपटून पाहिलं होतं का? मूळ उभं चिरलं आणि मधोमध काळपट तपकिरी रेघ दिसली तर तो बुरशीनं होणारा मर रोग. जमिनीलगत मान कुजलेली, तिच्यावर पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे दिसले तर ती मानकूज. सोयाबीनचा न कुजलेला काडीकचरा रानात राहिला आणि वर ओल असली, की मानकूज हमखास वाढते. म्हणून आधी रान साफ करा.

मरीची बुरशी हरभरा नसतानाही जमिनीत सहा वर्षांपर्यंत जिवंत राहते. तुम्ही तिला दरसाल जेवण वाढताय. उभ्या पिकात आळवणी करून (मुळाशी औषध ओतून) पैसे जातात, झाड परत येत नाही.

माझं मत असं, की पाचपैकी जिथं जास्त मर होती ते दोन-तीन एकर यंदा ज्वारीला द्या. तृणधान्यावर या बुरशींचं फारसं चालत नाही. शिवाय सोयाबीन आणि हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत धरतात, त्याचा खरा उपयोग पुढच्या ज्वारी-गव्हाला. सोयाबीनमागे हरभरा घेऊन आपण तो नत्र एका द्विदलाकडून दुसऱ्या द्विदलालाच देत बसतो. "ज्वारीला भाव नाही" हे मला रोज ऐकावं लागतं. हिशोबात कडबा धरलात का, एवढंच मी विचारतो. दारात जनावरं असतील तर उन्हाळ्यात तो विकत घेताना काय लागतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

भारी जमिनीत फुले वसुधा किंवा जुनी मालदांडी, एकरी चार किलो बियाणं. पेरणी १५ ऑक्टोबरच्या आत. उशीर झाला की खोडमाशी पोंगे (मधले कोंब) मारते. सोयाबीन निघायलाच उशीर झाला आणि विहिरीला पाणी असेल तर ज्वारीच्या मागे न लागता नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गहू घ्या.

उरलेल्या रानात हरभरा घ्यायचा तर मर सहन करणारा वाण निवडा : विजय, दिग्विजय, जाकी ९२१८ किंवा फुले विक्रम. फुले विक्रम उंच वाढतो, त्यामुळे हार्वेस्टरनं काढता येतो. विजयचं बी बारीक, एकरी २६ ते २८ किलो पुरतं. दिग्विजयला ४० किलो लागतं. खत पेरणीबरोबरच, एकरी एक पोतं डीएपी. नंतर युरिया फेकू नका, नुसता पाला वाढेल.

प्रश्न : बुरशीनाशक, ट्रायकोडर्मा आणि रायझोबियम बियाण्याला एकत्र चोळलं तर चालतं का?

उत्तर : नाही. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी, रायझोबियम हे मुळांवर गाठी करणारे जिवाणू; बुरशीनाशक त्यांनाही मारतं. रासायनिक औषध लावायचंच असेल तर ते आधी लावून बी सुकवा. मग किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा, आणि शेवटी रायझोबियम, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट, गुळाच्या थंड पाण्यात कालवून. सावलीत वाळवा आणि त्याच दिवशी पेरा.

प्रश्न : गेल्या वर्षी दुसऱ्या पाण्यानंतर हरभरा पिवळा पडला. पाणी कमी पडलं का?

उत्तर : बहुधा उलटं झालं. काळ्या रानाला भेगा पडेपर्यंत थांबलात आणि मग पाटानं सोडलंत, तर भेगांतून भसाभस पाणी जातं आणि मुळं गुदमरतात. भेगा पडण्याआधी, हलकं पाणी द्या. तुषार सिंचन असेल तर उत्तम. पहिलं पाणी ३० ते ३५ दिवसांनी, दुसरं घाटे भरताना, ६५ ते ७० दिवसांच्या सुमारास. मध्ये पाऊस झाला तर एक पाणी टाळा.