नव्या सिस्टरला, पहिल्या नाइट ड्युटीआधी

पोरी, वयस्कर पेशंट आला की आधी विचार, वर्षभरात कधी पडलाय का? एकदा पडलेला माणूस पुन्हा पडायची भीती जास्त. "न्हाई ओ, नुसता तोल गेलता" म्हणाले तरी लिहून ठेव.

मग गोळ्या बघ. झोपेची, बीपीची, लघवी जास्त होण्याची. या एकत्र असल्या की माणूस रात्री घाईनं उठतो आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. झोपवून बीपी घे, उभं करून 3 मिनिटांच्या आत परत घे. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना लगेच कळव.

माझ्या पहिल्या वर्षी कागलकडच्या एक आजी पहाटे एकट्याच उठल्या. बेडपॅन मागायची लाज वाटली त्यांना. खुबा मोडला. तो आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून दिवे मालवण्याआधी मीच विचारते, "आजी, जाऊन येऊया का?"

चष्मा, काठी, बेल हाताशी. कॉट खाली, चाकं लॉक. पावसाळ्यात नातेवाईक ओल्या छत्र्या कॉटखाली सारतात, ते पाणी आधी पुसून घे. आणि झिजलेल्या तळाची कोल्हापुरी घालून बाथरूमला जाऊ देऊ नकोस, ओल्या फरशीवर ती सटकते. मुलाला सांग, रबरी तळाची, मागं पट्टा असलेली चप्पल आजच आणा.