हृदय अशक्त असताना चालायचं कशाला?

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे. हार्ट अटॅकनंतर ईएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ३० टक्क्यांवर आलाय. औषधं नियमित आहेत, वजन स्थिर, पायांवर सूज नाही. डॉक्टर रोज चालायला सांगतात. आई म्हणते, हृदयाला आराम द्या. चालून ईएफ वाढणार नसेल तर उपयोग काय? (वाचक, सांगली)

उत्तर : आईंची भीती साहजिक आहे, एके काळी डॉक्टरही अशा रुग्णाला विश्रांतीच सांगत. पण ईएफ हा फक्त पंपाचा आकडा. जिन्यावर लागणारी धाप मांडीच्या स्नायूंवर आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या धमन्यांवरही ठरते. धमनीच्या आत एंडोथेलियमचं, जेमतेम एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. रक्त त्याला वेगाने घासून गेलं की ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि धमनी रुंदावते. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय असं अशक्त होऊन शरीराला पुरेसं रक्त पुरवू शकत नाही तेव्हा, हे अस्तर मंदावतं. शिवाय रक्तदाब टिकवण्यासाठी शरीर धमन्या आवळून धरतं, म्हणजे दुबळ्या हृदयाला अरुंद नळ्यांतून रक्त ढकलावं लागतं. नियमित चालण्याने अस्तर पुन्हा कामाला लागतं. ईएफ तेवढाच राहूनही माणूस जास्त अंतर चालतो, तो यामुळे आणि स्नायू सुधारल्यामुळे.

भीतीबद्दल : ईएफ ३५ किंवा त्याहून कमी असलेल्या २,३३१ रुग्णांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एचएफ-अॅक्शन चाचणीत व्यायाम सुरक्षित ठरला.

सुरुवात डॉक्टरांनी स्ट्रेस टेस्ट किंवा सहा मिनिटांची चालण्याची चाचणी घेतल्यावरच करा. पहिल्या आठवड्यात सपाट रस्त्यावर ५ ते १० मिनिटं, दिवसातून दोनदा. मग दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवत ३० मिनिटांवर या, आठवड्यातून पाच दिवस. बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारी गोळी) चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही, म्हणून घड्याळावरचे ठोके बघून वेग ठरवू नका. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. हीच योग्य गती. आयसीडी (ठोके धोकादायकरीत्या वाढले की शॉक देणारं यंत्र) बसवलेलं असेल तर ते किती ठोक्यांना शॉक देतं हे विचारून घ्या आणि त्याच्या बरंच खाली राहा.

बहुतेकांची चूक होते ती थांबताना. चालून पायांतल्या धमन्या रुंदावलेल्या असतात, त्यात रक्तदाब उतरवणाऱ्या गोळ्या. एकदम थांबून उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. शेवटची ५ ते १० मिनिटं वेग उतरवत आणा. जेवणानंतर तास-दीड तास चालू नका. तीन दिवसांत वजन २ किलोने वाढलं, रात्री बसून झोपावं लागलं, छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर चालणं बंद आणि लगेच डॉक्टर.

प्रश्न : आईला हार्ट फेल्युअर आहे, पण गुडघ्यांमुळे चालवत नाही. मुठीत चेंडू दाबला तर चालेल? (वाचक, ठाणे)

उत्तर : चालेल, पण फायदा मुख्यतः त्याच हाताला. १९९६ च्या एका अभ्यासात हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनी चार आठवडे रोज हा व्यायाम केला; हाताची धमनी रुंदावण्याची क्षमता सुधारली, आणि बंद केल्यावर सहा आठवड्यांत पुन्हा गेली. हे दुसरं निरीक्षण आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं : अस्तराला सवय लागते तशी मोडतेही. याउलट पायांनी सायकल मारणाऱ्या रुग्णांत हाताची धमनीही सुधारलेली दिसली. म्हणून खुर्चीत बसून फिरवायचं पेडल आणा; गुडघ्यांवर भार येत नाही. सुरुवात ५ मिनिटांच्या तीन फेऱ्यांनी. चेंडू दाबताना श्वास रोखू नये, त्याने रक्तदाब एकदम चढतो.

प्रश्न : ईएफ ५५, म्हणजे सामान्य असूनही हार्ट फेल्युअर सांगितलंय. हेच लागू? (वाचक, बेळगाव)

उत्तर : चालणं हो, पण फायद्यामागचं कारण तेच नाही. या प्रकारातही व्यायामाने चालण्याची ताकद वाढते. पण काही महिन्यांच्या व्यायामानंतर वयस्कर रुग्णांच्या धमन्या मोजल्या, तेव्हा त्यांत फरक आढळला नाही. फायदा बहुधा स्नायूंमधून येतो, म्हणून चालण्याबरोबर खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा व्यायामही करा : सुरुवातीला ५ वेळा, दिवसातून दोनदा.