पाय मोडला की मरणच का?

प्रश्न : शर्यतीत पाय मोडलेल्या घोड्याला मारूनच का टाकतात? प्लास्टर घालता येत नाही?

उत्तर : आम्ही घोड्यांचे डॉक्टर घालतो की! साध्या मोडीतून घोडा वाचतोही. पण त्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतंच. हाड, कंडरा आणि वर कातडी. हाडाचा चुरा कातडी फाडून बाहेर आला की रक्तपुरवठा तुटतो, जखम चिघळते. त्यात साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर, फार काळ आडवं राहू शकत नाही. सगळा भार उरलेल्या धड पायांवर येतो आणि खुराच्या आतलं हाड सुटू लागतं. तो ठणका बघवत नाही. २००६ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतली मोठी शर्यत जिंकणारा घोडा बार्बारो घ्या. पैसा होता, निष्णात सर्जन होते, मोडलेलं हाड जुळतही आलं. पण खुरांनी घात केला. जानेवारी २००७मध्ये त्याला मरणाचं इंजेक्शन द्यावं लागलं. मालक नुसत्या खर्चाकडे बघून घाई करतो, तेव्हा मात्र मी अडून बसतो.