बँकेचं कार्ड घेताना व्हिसा, मास्टरकार्ड की रुपे, हे आपल्याला निवडता येतं का?

येतं, पण फक्त क्रेडिट कार्डाला. डेबिटला तसा नियम नाही, त्याचं खाली सांगतो.

तुम्ही लिहिलंय की सांगलीत विश्रामबागला पगाराचं खातं काढताना क्रेडिट कार्डाचा फॉर्म पण पुढं सरकवला आणि नेटवर्क, म्हणजे व्हिसा-मास्टरकार्ड-रुपे यातलं, कुठलं विचारल्यावर "आमच्याकडं हेच येतं" म्हणून सांगितलं. हेच वाक्य मी पण ऐकलंय. मी मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो, २०२४ च्या दिवाळीनंतर एक पोरगा दुकानातच आला कार्ड विकायला, टॅबवर सगळी माहिती भरली आणि नेटवर्कच्या ठिकाणी आधीच टिक मारलेली. म्हटलं हे कुणी निवडलं? तर म्हणतो सिस्टीमच घेते सर. म्हटलं सिस्टीमला विचार, मला रुपे पाहिजे. बिचाऱ्यानं साहेबाला फोन लावला, दहा मिनिटं बाहेर उभा राहून बोलला, आत आला आणि म्हणाला होतंय सर, फक्त दुसरं कार्ड घ्यावं लागंल, ह्या कार्डात रुपे नाही. म्हणजे होत होतं, सांगत नव्हता एवढंच.

नियम असा हाय, रिझर्व्ह बँकेनं ६ मार्च २०२४ ला परिपत्रक काढलं आणि ६ सप्टेंबर २०२४ पासून ग्राहकाला निवड देणं लागू झालं. कार्ड देतानाच बँकेनं एकापेक्षा जास्त नेटवर्कमधनं निवडायला द्यायचं, आणि ज्यांच्याकडं आधीच कार्ड हाय त्यांना पुढच्या रिन्यूअलला. आणि एकाच नेटवर्कशी असा करार पण करायचा नाही की ज्यानं दुसऱ्याचं दार बंद होईल. खरं दुखणं तिथंच होतं, बँक आणि नेटवर्क आपापसात ठरवायचे आणि आपल्या हातात जे येईल ते. नेटवर्क पाच मोजलेत, व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे, अमेरिकन एक्सप्रेस आणि डायनर्स. पण दोन पळवाटा हायत. ज्या बँकेची चालू क्रेडिट कार्डं १० लाख किंवा त्याच्या आत हायत तिला हे लागू नाही, म्हणजे आपल्याकडच्या सहकारी बँका सुटल्या, तिथं जाऊन परिपत्रक दाखवून भांडू नका. आणि जे स्वतःच्याच नेटवर्कवर कार्ड देतात, अमेरिकन एक्सप्रेससारखे, ते पण सुटले.

डेबिटचं म्हणाल तर २०२३ च्या जुलैत जो मसुदा आला होता त्यात डेबिट आणि प्रीपेड पण होतं, अंतिम परिपत्रकात क्रेडिटच राहिलं. तरी विचारायला काय जातंय, काही बँकांत दोन-तीन प्रकार असतात, काउंटरवर जे हाताशी असतं ते देतात. आणि डेबिटमध्ये सांगलीत राहून फारसा फरक पडत पण नाही. एटीएम कुठलंही चालतंय. फोनपे-गुगलपे खात्यावरनं चालतं, त्याला डेबिट कार्ड कुठल्या नेटवर्कचं हाय याचं काही देणंघेणं नाही, हा गैरसमज लय जणांचा असतो. फरक पडतो तो दुकानदाराला, रुपे डेबिटवर २०२० पासून त्याच्याकडनं कापलं जाणारं कमिशन शून्य, व्हिसा-मास्टर डेबिटवर जास्तीत जास्त ०.९० टक्के, वर्षाला २० लाखाच्या आत धंदा असणाऱ्याला ०.४०. तरी मारुती रोडला कुणी "कार्डाला दोन टक्के वर लागतील" म्हणालं तर डेबिटला एवढं लागतच नाही हे त्याला पण माहीत असतंय.

आता क्रेडिटला काय घ्यायचं. माझं मत सरळ हाय, रोजचा खर्च सांगली-मिरजेतला असंल तर रुपे. कारण एकच, रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, २०२२ पासून, आणि व्हिसा-मास्टरकार्डाचं क्रेडिट आजघडीला नाही जोडता येत. इथं स्वाइप मशीन किती ठिकाणी दिसतंय? मेडिकल, पेट्रोल पंप, मोठी कापडाची दुकानं. बाकी सगळीकडं क्यूआरच. छोट्या दुकानदाराला दोन हजारापर्यंत त्यात काही कापत पण नाहीत. मात्र क्यूआर दुकानाच्या नावाचा पाहिजे. आमच्या यार्डाबाहेर भाजीवाल्या मावशींनी पोराच्या स्वतःच्या खात्याचा लावलाय, तिथं क्रेडिट जात नाही, आणि मित्राला पैसे पाठवायला पण नाही चालत.

ह्यात एक वाईट पण हाय, माझंच सांगतो. कार्ड खिशातनं काढावं लागायचं तेव्हा महिन्याला तीन-चार हजाराच्या वर जात नव्हतं, क्यूआरला जोडलं आणि पहिलंच बिल अकरा हजार. चहा, भडंग, पोरीच्या वह्या, सगळं उधारीवर! पूर्ण भरलं म्हणून वाचलो, नाहीतर महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यानं व्याज लागतं ते तर सावकाराच्या वर.

परदेशात जायचं असंल किंवा बाहेरच्या साइटवरनं मागवत असाल तर मात्र व्हिसा किंवा मास्टरकार्ड. माझा मावसभाऊ मिरजेहनं जर्मनीला गेला कामाला, जवळ फक्त रुपेचं कार्ड, पहिल्याच दिवशी दुकानात नाही चाललं आणि व्हॉट्सॲपवर मला शिव्या, कारण मीच म्हटलेलं रुपे घे म्हणून. मग बघितलं तर ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंदच होते. २०२० पासून नवीन कार्डाला ते बंदच ठेवून देतात, ऑनलाइन पण, आपण चालू करायचं. चालू केल्यावर एका ठिकाणी चाललं, दोन ठिकाणी नाहीच. साधं रुपे देशातलंच असतं, बाहेर चालणाऱ्याच्या पाठीमागं डिस्कव्हर किंवा डायनर्सचं चिन्ह असतं, तेवढं बघायला पाहिजे होतं ते मी पण त्याला सांगितलं नव्हतं.

लोक ऑफर बघून नेटवर्क निवडतात त्याचं मला हसू येतं, सवलती बहुतेक बँकेच्या असतात, कोपऱ्यातल्या चिन्हाच्या नाही.

आमच्या वडलांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, आम्हाला २००७ ला कुणी विचारलं होतं का? सांगली बँकेत खातं होतं त्यांचं, ती आयसीआयसीआयमध्ये गेली आणि खातं पण गेलं तिकडं. त्या मानानं तुम्हाला विचारायला लागलेत म्हणजे चांगलंच हाय की.

तर परत शाखेत जाल तेव्हा "रुपे मिळंल का" असं विचारू नका, "रुपेमध्ये तुमची कुठली कुठली कार्डं हायत ते दाखवा" म्हणा, उत्तर बदलतंय. नाहीच म्हणाले तर ईमेलवर लिहून मागा. तीस दिवसात उत्तर नाही आलं की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट हाय. माझ्या ओळखीत अजून कुणावर तिथवर जायची वेळ आली नाही, ईमेलचं नाव काढलं की शाखेतनं फोन येतोय.